रेड डॉट साइटला अँटी-रिफ्लेक्शन फिल्टर लावावा का? निर्णय, निवड आणि बसवणी

रायफलवरच्या रेड डॉट साइटच्या, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणाऱ्या उपकरणाच्या, तोंडाशी षट्कोनी छिद्रांची काळी जाळी बसवलेली पुष्कळांनी पाहिलेली असते. तिला कुणी किलफ्लॅश म्हणतात, कुणी नुसते एआरडी (अँटी-रिफ्लेक्शन डिव्हाइस) म्हणतात. ही जाळी काय करते हे बहुतेकांना मोघम ठाऊक असते. आपल्याला ती हवी आहे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक वेळा दिसण्यावरून किंवा दुसऱ्याच्या रायफलकडे पाहून दिले जाते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या समोर, म्हणजे नळीच्या रोखाने, असा कोणी पाहणारा असेल की ज्याला आपली चाहूल लागू नये, तरच हा फिल्टर घ्यावा. तसा पाहणारा नसेल तर काचेपुढे कायमची जाळी ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण तिची किंमत पैशांखेरीज नजरेलाही मोजावी लागते. पुढचे सगळे विवेचन हे मत स्वतःच्या साइटवर तपासून कसे पाहायचे, आणि फिल्टर घ्यायचे ठरलेच तर तो नीट कसा निवडायचा व बसवायचा, यासाठी आहे.

चकाकी येते कुठून

या साइटचे मूळ तत्त्व जुने आहे. आयरिश दृक्यंत्र-निर्माते हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये परावर्तक साइटचे पेटंट घेतले आणि स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली. आत एक छोटा एलईडी असतो. त्याचा लाल प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो आणि तिथून समांतर किरण होऊन डोळ्याकडे परततो, म्हणून ठिपका दूरवर, लक्ष्याच्याच पातळीवर असल्यासारखा दिसतो. हे घडण्यासाठी त्या काचेवर मुद्दाम असे कोटिंग दिलेले असते की सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश परत फिरावा आणि बाकीचे रंग आरपार जावेत. आतून पाहताना दृश्यावर किंचित निळसर छटा दिसते आणि समोरून काच तांबूस झळकते, ती याच कोटिंगमुळे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो आणि चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आणता येते, हे खरे. परंतु रेड डॉटच्या पुढच्या काचेतील परावर्तन हा दोष नसून तेच तिचे काम आहे. त्यामुळे कितीही उत्तम प्रतीची साइट घेतली तरी समोरून येणाऱ्या उन्हातला काही भाग ती परत फेकणारच. ‘महागड्या साइटला फिल्टर लागत नाही’ हे विधान म्हणूनच टिकत नाही.

काचेच्या आकारावरून चकाकीचा स्वभाव बदलतो. रेड डॉटची काच समोरून बहिर्वक्र आरशासारखी वागते, म्हणजे सूर्याचे प्रतिबिंब लहान व फिके पडते, पण ते बऱ्याच रुंद पट्ट्यातून दिसत राहते. होलोग्राफिक साइटची (ठिपक्याऐवजी लेसरने उजळलेली खूण दाखवणाऱ्या साइटची) पुढची काच बहुतेक सपाट असते आणि तिथे उलट घडते. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्यामुळे सपाट काचेवरून निघालेला झोत १०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. तो ज्याच्या डोळ्यावर पडेल त्याला अतिशय प्रखर दिसतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला काहीच दिसत नाही. रायफल किंचित हलली की हा झोत दुप्पट कोनातून फिरतो. झुडपात क्षणभर काहीतरी लखलखल्याचा भास होतो तो असा.

समोर जाणाऱ्या प्रकाशाचा दुसरा स्रोत म्हणजे ठिपका स्वतः. कोटिंग सगळाच लाल प्रकाश परत फिरवत नाही. थोडा पुढे निसटतो. दिवसा त्याने काही बिघडत नाही, परंतु अंधारात ठिपका जास्त प्रखर ठेवला असेल तर समोरून काचेत लाल कण चमकताना दिसतो आणि रात्रदर्शी उपकरणातून तर तो फारच ठळक होतो.

जाळी काय अडवते आणि काय सोडते

जाळीचे काम समजून घ्यायला एकच गुणोत्तर पुरते, ते म्हणजे छिद्राची रुंदी भागिले जाळीची खोली. छिद्र २ मिलिमीटर आणि खोली ८ मिलिमीटर असेल, तर साइटच्या अक्षापासून, म्हणजे सरळ पुढच्या रेषेपासून, सुमारे १४ अंशांपेक्षा जास्त तिरका येणारा प्रकाश छिद्राच्या भिंतीवरच संपतो, काचेपर्यंत पोहोचत नाही. हेच काम साध्या नळीने, म्हणजे उन्हाच्या टोपीने करायचे झाले, तर २० मिलिमीटर व्यासाच्या काचेपुढे ८० मिलिमीटर लांबीची नळी लावावी लागेल. लांबच लांब नळीचे काम बोटाच्या पेराएवढ्या जागेत होते, हाच जाळीचा खरा गुण आहे.

या गुणोत्तरातच तिची मर्यादाही आहे. सूर्य समोर ३० अंश उंचीवर असेल तर वर सांगितलेली जाळी चकाकी पूर्ण थोपवते. पण सकाळी लवकर किंवा सायंकाळी सूर्य नेमका समोर, क्षितिजापासून ५ ते १० अंशांवर असेल, तर त्याचे किरण छिद्रांतून सरळ आत जातात आणि त्यांतले काही परत बाहेरही येतात. ज्या वेळी चकाकीची सर्वांत जास्त धास्ती असते, त्याच वेळी फिल्टर अर्धवट काम करतो. ठिपक्याच्या गळतीचेही तसेच आहे. बाजूने पाहणाऱ्यापासून ती लपते, अगदी समोर उभ्या असलेल्यापासून लपत नाही. सूर्य नेमबाजाच्या पाठीशी असेल तर पुढच्या काचेवर थेट ऊन पडतच नाही आणि फिल्टरला काही काम उरत नाही. मागून नळीत शिरणाऱ्या उन्हामुळे ठिपका पुसट होत असेल, तर त्या त्रासावर पुढची जाळी हा इलाज नाही.

एक फायदा मात्र नेमबाजाला स्वतःला मिळतो. सूर्य समोरच्या बाजूला २० ते ४० अंशांवर असताना काचेवर जो पांढरट धुरकटपणा पसरतो, तो जाळीमुळे बराच कमी होतो आणि लक्ष्याच्या कडा स्पष्ट दिसतात. ज्यांना सतत उन्हाकडे तोंड करून नेम धरावा लागतो, त्यांनी हा मुद्दा हिशेबात जरूर धरावा.

नजरेची किंमत

छिद्रांच्या भिंती काही प्रकाश खातात. छिद्रांमधले अंतर २ मिलिमीटर आणि भिंत ०.१ मिलिमीटर जाड असेल तर सरळ पाहताना सुमारे १० टक्के प्रकाश जातो, भिंत ०.२ मिलिमीटर असेल तर जवळजवळ १९ टक्के. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण भर दिवसा डोळ्याला १० टक्के जाणवतही नाहीत. संधिप्रकाशातही या नुकसानीचा बाऊ जरा जास्त केला जातो असे मला वाटते. सूर्यास्तानंतरच्या साधारण अर्ध्या तासात उजेड शंभर पटींच्या आसपास घटतो; त्या वेगाने पाहिले तर १९ टक्के प्रकाश गमावणे म्हणजे हाताशी असलेल्या वेळेतली एखाद-दोन मिनिटे गमावणे.

खरे नुकसान कडेला होते. जाळी डोळ्यापासून २०० मिलिमीटरवर असेल तर २० मिलिमीटरच्या काचेची कड पाहताना नजर जवळजवळ ३ अंश तिरकी जाते आणि तिथे आणखी पाचव्या हिश्शाएवढा प्रकाश कापला जातो. जाळी १०० मिलिमीटरवर आणली तर हा तोटा दुप्पट होतो. साइट जितकी डोळ्याजवळ, तितकी कड काळवंडलेली.

ठिपक्याच्या दिशेने मात्र हा तोटा होत नाही, आणि ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. डोळा मध्यापासून सरकला तरी ठिपक्यातून लक्ष्याकडे जाणारी नजर साइटच्या अक्षाला समांतरच राहते, म्हणजे ती छिद्रांतून सरळच जाते. नेम एकदा जुळल्यावर जाळी आड येत नाही. आड येते ती त्याआधी, रायफल खांद्याला लावताना, जेव्हा नळी अजून लक्ष्याच्या रेषेत आलेली नसते आणि आपण काचेतून लक्ष्य शोधत असतो. त्या क्षणी तिरकी नजर भिंतींवर आदळते आणि काच काळी दिसते. झटपट नेम लागावा म्हणून ज्याने रेड डॉट निवडली, त्याच्या सवयीला नेमका येथेच अडथळा होतो. दोन्ही डोळे उघडे ठेवणाऱ्याला तो कमी जाणवतो, कारण दुसरा डोळा दृश्य पुरवत असतो. एक डोळा मिटणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

साइटच्या मागे मॅग्निफायर, म्हणजे दृश्य मोठे करणारी नळी, लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जाळी डोळ्याच्या फोकसमध्ये येत नाही म्हणून तिच्या रेघा दिसत नाहीत, पण तिच्या नियमित छिद्रांमुळे प्रखर बिंदूंभोवती सहा किरणांचा पसारा दिसू लागतो आणि मॅग्निफायरने तो ठळक होतो.

आधी चाचणी, मग खरेदी

फिल्टर मागवण्यापूर्वी आपल्या साइटला खरोखर किती चकाकी आहे ते पाहावे. साइट रायफलवरून उतरवून तिपाईवर किंवा पकडीत बसवणे सर्वांत सुरक्षित. उतरवल्याने झीरो, म्हणजे ठिपका आणि गोळी लागण्याची जागा यांची जुळणी, बिघडेल अशी शंका असेल तर ही चाचणी झीरो करण्यापूर्वीच उरकावी. रायफल कोणत्याही परिस्थितीत माणसाच्या दिशेने रोखायची नाही, ती रिकामी आहे याची खात्री असली तरी नाही. साइटमधून सूर्याकडे पाहायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

साइट ज्या दिशेला आणि ज्या वेळी वापरणार त्याच दिशेला, त्याच वेळी ठेवावी. समोर ५० मीटरवर मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ चालू करावा आणि साइट हळूहळू डावी-उजवीकडे, मग वर-खाली फिरवावी. नंतर मोबाइल अक्षापासून १० ते १५ मीटर बाजूला सरकवून तेच पुन्हा करावे. व्हिडिओ पाहताना चकाकी दिसते की नाही एवढ्यावर न थांबता ती किती वेळ टिकते आणि आसपासच्या ओल्या पानांच्या किंवा रायफलच्या इतर भागांच्या चमकेपेक्षा ती वेगळी उठून दिसते का, हे तपासावे. गुळगुळीत नळी, दुर्बिणीची काच, घड्याळ, चष्मा हे सगळे चमकत असताना एकट्या साइटला जाळी लावून हाती फारसे लागत नाही. अंधार पडल्यावर ठिपक्याच्या प्रत्येक पायरीवर काचेकडे समोरून पाहावे. लाल कण कोणत्या पायरीपासून दिसू लागतो हे एकदा कळले की रात्रीचा बराचसा प्रश्न बटण खाली दाबूनच सुटतो.

या टप्प्यावर खर्च नसलेले उपाय आधी करून पाहावेत. ठिपका गरजेपुरताच तेजस्वी ठेवावा. वाट पाहत बसताना पुढचे झाकण बंद ठेवावे आणि नेमाच्या वेळीच उघडावे. बसण्याची जागा सावलीत घ्यावी. सावलीतल्या काचेवर थेट ऊन नसते, मग चकाकीही नसते. झाकण बंद ठेवूनच दोन्ही डोळ्यांनी नेम धरण्याची पद्धतही आहे, ज्यात एक डोळा ठिपका पाहतो आणि दुसरा लक्ष्य. ट्रिजिकॉन या साइट बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक ग्लिन बिंडन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन्ही डोळे उघडे ठेवण्याच्या तत्त्वावर ती चालते. चकाकी तिने पूर्ण थांबते, पण दोन डोळ्यांच्या रेषा सगळ्यांच्याच अगदी जुळलेल्या नसतात, त्यामुळे नेम सरकू शकतो. जवळच्या मोठ्या लक्ष्यापलीकडे मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

कोणाला हवा, कोणाला नको

कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला आणि वेगाच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला हा फिल्टर नको. तिथे लपायचे कोणापासून नसते आणि रायफल उचलतानाची क्षणभराची काळी काच गुण घालवते.

शिकाऱ्याचे उत्तर प्राण्यावर अवलंबून आहे. हरणांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश त्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ठिपक्याच्या गळतीची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु हलणारी उन्हाची चमक ते टिपतात. पक्ष्यांची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सरस आहे. उघड्यावर, उन्हाकडे तोंड करून, दीर्घकाळ बसून शिकार करणाऱ्याला जाळीचा उपयोग होईल. दाट झाडीत, सावलीत फिरणाऱ्याला तिचा अडथळाच जास्त.

लष्कर व पोलीस यांच्या कामात समोरचा माणूस शोधतच असतो, म्हणून तिथे जाळीला जागा आहे. एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या खेळण्यातल्या बंदुकांचा खेळ) खेळणाऱ्यांचे कारण वेगळेच असते: छर्रा लागून काच फुटू नये. त्यासाठी छिद्र छर्ऱ्याच्या व्यासापेक्षा लहान असायला हवे आणि जाळी धातूची असावी. नुसत्या संरक्षणासाठी पुढे पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा लावणे मला जास्त सोयीचे वाटते, मात्र तो स्वतःच चमकतो हे ध्यानात ठेवावे.

निवडताना

आपल्या साइटच्या पुढच्या तोंडाला आतून आटे आहेत का ते पाहावे. असतील तर त्याच उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेला आट्यांचा फिल्टर घ्यावा. व्यास जुळला तरी आट्यांचे अंतर वेगळे असू शकते आणि जबरदस्तीने बसवलेला फिल्टर साइटचे आटे कायमचे खराब करतो. आटे नसतील तर बाहेरून चढणारा रबरी किंवा क्लिपचा फिल्टर मिळतो. उघड्या चौकटीच्या लहान साइटला मात्र बाहेर काही अडकवण्याचा आग्रह धरू नये, कारण एलईडी आणि काच यांच्यामधला मार्ग मोकळा राहणे तिथे आवश्यक असते.

जाळी हातात घेऊन उजेडाकडे धरावी. भिंती पातळ व एकसारख्या हव्यात, छिद्रे आरपार सरळ हवीत आणि आतला काळा रंग मॅट हवा. आतून चकचकीत असलेली जाळी तिरका प्रकाश गिळण्याऐवजी उड्या मारत पुढे पाठवते आणि मूळ हेतूच फसतो. थ्री-डी प्रिंटरवर केलेल्या स्वस्त जाळ्यांच्या भिंती बहुतेक जाड असतात. वर दिलेल्या आकड्यांवरून त्या किती प्रकाश खातील याचा अंदाज करता येतो.

जाळीऐवजी काचेचा फिल्टर, उदाहरणार्थ पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणारी काच), घेणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. जाळीत काच नसते, म्हणून ती लक्ष्याची प्रतिमा सरकवत नाही. काचेच्या फिल्टरच्या दोन्ही बाजू समांतर नसतील तर तो पाचरीसारखा वागतो आणि लक्ष्याची प्रतिमा सरकते. ठिपका मात्र फिल्टरच्या अलीकडेच तयार होत असल्याने जागच्या जागी राहतो. १ कोनीय मिनिटाची पाचर १०० मीटरवर सुमारे दीड सेंटीमीटरचा फरक पाडते. शिवाय असा फिल्टर फिरवला की प्रतिमा सरकण्याची दिशाही फिरते. पोलरायझर निम्म्याहून अधिक प्रकाश खातो आणि पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्याला एका ठरावीक स्थितीत समोर काळोखच दिसतो. पुढे स्वतःची सपाट काच असल्याने तो स्वतः चमकतो ते वेगळेच.

बसवणे आणि तपासणे

रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून काम सुरू करावे. पुढची काच आधी फुंकणीने, मग मऊ कापडाने स्वच्छ करावी, कारण फिल्टर चढल्यावर तिथे बोट पोहोचणार नाही. फिल्टर प्रथम उलट दिशेने अर्धा फेरा फिरवावा. आटे जुळल्याचा हलका ठोका जाणवला की मग सरळ फिरवून हाताच्या जोरानेच घट्ट करावा. पक्कड नको, आटे चिकटवणारा डिंकही नको, कारण पावसात हाच फिल्टर झटक्यात काढावा लागणार आहे. बसल्यावर फिल्टर आणि साइट यांच्यावर जुळणारी एक बारीक रेघ रंगाने ओढून ठेवावी, म्हणजे सैल झाल्याचे नजरेस पडते. झाकण पूर्वीसारखे उघडते व मिटते का तेही पाहावे.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करत नाहीत. ठिपका लावून फिकट भिंतीकडे किंवा ढगाळ आकाशाकडे, सूर्य नसलेल्या बाजूला पाहावे. काचेतला सर्वांत उजळ भाग ठिपक्याच्या भोवती असला पाहिजे आणि अंधार कडांकडे चहूबाजूंनी सारखा वाढत गेला पाहिजे. उजळ भाग एका बाजूला सरकलेला दिसला तर जाळी तिरकी बसली आहे, किंवा तिची छिद्रेच तिरकी आहेत. केवळ ३ अंशांचा कलही ठिपक्याच्या दिशेने पाचवा हिस्सा प्रकाश कमी करतो. असा फिल्टर काढून पुन्हा बसवावा आणि तरीही सुधारत नसेल तर परत करावा.

ठिपक्याचे तेज एक पायरी खाली आणावे. जाळीने ठिपका मंद होत नाही, फक्त मागचे दृश्य मंद होते. जुन्याच पायरीवर तो आता जास्त प्रखर भासतो आणि लक्ष्य झाकू लागतो. शेवटी रेंजवर नेहमीच्या अंतरावर गोळ्यांचे गट घेऊन झीरो पडताळावा, फिल्टरसह आणि फिल्टरविना. जाळीने झीरो बदलण्याचे कारण नाही. बदललाच तर फिल्टर घट्ट करताना साइट किंवा तिचे माउंट (ती रायफलला धरून ठेवणारी बैठक) हलले असे समजून माउंटचे स्क्रू तपासावेत. काचेच्या फिल्टरबाबत ही पडताळणी टाळताच येणार नाही.

पाऊस, धूळ आणि काढून ठेवण्याची वेळ

उघड्या काचेवर पडलेला थेंब बोटाने किंवा बाहीने पुसता येतो. जाळीच्या २ मिलिमीटरच्या छिद्रात शिरलेला थेंब तिथेच पडद्यासारखा ताणून बसतो, झटकून पडत नाही आणि पुसताही येत नाही. दहा-वीस छिद्रे अशी भरली की समोरचे दृश्य विस्कटते आणि लक्ष्याची ओळख पटेनाशी होते. चिखलाचे आणि बर्फाचेही तसेच. म्हणून पाऊस सुरू होण्याची चिन्हे दिसली की फिल्टर काढून खिशातल्या डबीत ठेवावा. ढगाळ आकाशात त्याची गरजही नसते. जोरात फुंकर मारून किंवा साइटचे तोंड जमिनीकडे करून हलक्या झटक्याने काही छिद्रे मोकळी होतात, पण रायफल भरलेली असताना अशी झटापट करू नये. आधी ती रिकामी करावी, फिल्टर सुटा करावा आणि मग तो झटकावा.

घरी आल्यावर फिल्टर साध्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशने धुवावा, उभा ठेवून पूर्ण वाळवावा आणि मगच परत लावावा. ओली जाळी लावली तर मागच्या काचेवर बाष्प धरते. तेल लावू नये, त्याने धूळ चिकटते आणि मॅट भिंती चकचकीत होतात. वर्षातून एक-दोनदा जाळी उजेडाकडे धरून वाकलेल्या भिंती पाहाव्यात. रायफल टेकवताना बसलेल्या धक्क्याने दोन-चार छिद्रे चेपली असतील आणि ती कडेला असतील तर चालतील. मध्यात असतील तर जाळी बदलावी.

संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, फिल्टर काढूनच टाकावा. त्या वेळी परत फेकायला ऊन उरलेले नसते, कडेचा प्रकाश हवा असतो आणि ठिपक्याची गळती तेज कमी करून आटोक्यात येते. त्या उजेडात लक्ष्य नेमके काय आहे हे ओळखण्याचे काम साइटचे नसून दुर्बिणीचे आहे, मग फिल्टर असो वा नसो.